मंडळाच्या साडेतीन हजार डावांचा संग्रह सर्वांपर्यंत कसा पोहोचवावा?

प्रश्न (हत्तीचा डाव): आमच्या बुद्धिबळ मंडळाकडे १९९६ पासूनच्या स्थानिक स्पर्धांचे सुमारे साडेतीन हजार डाव चेसबेस या बुद्धिबळाच्या संगणक-प्रणालीमध्ये नोंदवलेले आहेत. गेल्या महिन्यात मी त्यातली सीबीएच फाइल सदस्यांना ईमेलने पाठवली, पण ती कोणाच्याही संगणकावर उघडली नाही. संग्रहात भर घालणारे आम्ही चौघे वेगवेगळ्या गावांत राहतो आणि मुलांना हे डाव मोबाइलवर पाहायचे आहेत. काही डावांवर आमच्या दिवंगत प्रशिक्षकांच्या मराठी टिपा आहेत. हे सारे कुठे आणि कोणत्या स्वरूपात ठेवावे?

उत्तर (तिरका उंट): चेसबेसच्या जुन्या पद्धतीत एकच संग्रह अनेक फायलींत विभागलेला असतो. चाली एकीकडे, नावे दुसरीकडे, टिपा तिसरीकडे. त्यामुळे एकटी सीबीएच फाइल पाठवणे म्हणजे ग्रंथ घरी ठेवून अनुक्रमणिका पाठवण्यासारखे झाले. त्याच प्रणालीतून सीबीव्ही ही एकत्र बांधलेली फाइल करता येते, मात्र ती उघडायलाही चेसबेसच लागते. म्हणून मूळ प्रत पीजीएन या डाव लिहिण्याच्या सर्वमान्य स्वरूपात ठेवावी असे माझे ठाम मत आहे. १९९०च्या दशकात ठरलेले हे स्वरूप साध्या मजकुराचे असल्याने कोणत्याही संपादकात वाचता येते आणि दोन फायली एकाखाली एक जोडल्या तरी चालते. चौघांनी आपापल्या नव्या डावांची वेगळी फाइल करावी व एकानेच ती मूळ प्रतीत मिसळावी. स्किड ही मोफत प्रणाली दुबार डाव शोधून देते.

उत्तर (अडीच घरे): त्याआधी शीर्षके तपासा. स्पर्धा, स्थळ, दिनांक, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल ही सात शीर्षके प्रत्येक डावाला हवीत; दिनांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावा आणि जो भाग ठाऊक नसेल तिथे प्रश्नचिन्हे टाकावीत. एकाच खेळाडूचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असले, तर शोधात त्याचे दोन तृतीयांश डाव हरवतात. मोबाइलसाठी लिचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळावरील स्टडी (डावांचा ऑनलाइन संच) सोयीची आहे, पण एका स्टडीत ६४ प्रकरणेच, म्हणजे प्रकरणाला एक याप्रमाणे ६४ डाव मावतात. तुमच्या संग्रहाला पंचावन्न स्टडी लागतील! तिथे निवडक डावच ठेवा.

मराठी टिपा युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धती येण्याआधीच्या) फाँटमध्ये टंकित असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतील. पीजीएनचा मूळ संकेत लॅटिन लिपीपुरताच असल्याने फाइल यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत जतन करा आणि आधी एकाच डावावर प्रयोग करून पाहा.

प्रश्नकर्ता: टिपा २००१ च्या आहेत, म्हणजे रूपांतर करावे लागणारच. डाव प्रसिद्ध करण्यास परवानगी लागते का?

उत्तर (तिरका उंट): नुसत्या चालींवर सहसा कोणाची मालकी मानली जात नाही. २०१६ च्या कार्लसन–कार्याकिन जगज्जेतेपदाच्या लढतीत इतर संकेतस्थळांना चाली दाखवण्यापासून रोखावे ही आयोजकांची विनंती न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळली होती. टिपांची गोष्ट निराळी आहे. ते लेखन असल्याने भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, तेव्हा प्रशिक्षकांच्या कुटुंबीयांकडून लेखी संमती घ्या आणि प्रत्येक टिपेखाली त्यांचे नाव राहू द्या.