दुकानात कुठला ब्राऊजर ठेवू? पानं कन्नड, गिऱ्हाईक मराठी

खानापूरचा_झेरॉक्सवाला
नमस्कार मंडळी. खानापुरात (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) आपलं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान हाय. उतारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, पोरांची स्कॉलरशिप, रेल्वेची तिकिटं, सगळं तिथंच चालतंय. आता प्रॉब्लेम सांगतो. सरकारी पानं सगळी कन्नडात नाहीतर अर्धी इंग्लिश अर्धी कन्नड. मला कन्नड बोलायला फाडफाड येतंय पण वाचायला अडखळतो, आणि गिऱ्हाईक म्हणजे जांबोटी-कणकुंबी साईडची म्हातारी माणसं, ती विचारणारच की "बाळा ह्यात काय लिवलंय?" मग मी भाषांतर मारून दाखवतो, आणि एकदा भाषांतर मारलं की खालचं बटण कितीबी दाबा हलत नाही, सगळा फॉर्म पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं म्हणजे सध्या जो ब्राऊजर वापरायलोय (नाव घेत नाही, उगाच इथं भांडणं लागतील) त्यानं एका बाईंचा मोबाईल नंबर दुसऱ्याच माणसाच्या फॉर्मात आपोआप भरला. ओटीपी गेला तिकडं नंदगडला आणि इकडं हा माणूस मोबाईल हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत बसलाय.

मशीन दोन आहेत, एक विंडोज १० चं ४ जीबी रॅमवालं, दुसरं विंडोज ७ चं जुनं डबडं. कोण काय वापरताय, कशात काय चांगलं काय वाईट ते सांगा की. "क्रोम टाक" एवढंच लिहून पळू नका, कारण पण लिहा.

टिळकवाडी_डेबिटक्रेडिट
क्रोम टाक 😄

बरं चेष्टा सोड. मी अकाउंटचं काम करतो, आमच्याकडं मायक्रोसॉफ्टचा एज चालतो. लोक हसतात पण एकदा वापरून बघा. मोठं कारण म्हणजे आयई मोड. जुना इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला बंद झाला पण काही पोर्टलवाल्यांना ती बातमी अजून पोचलेलीच नाही, त्यांची पानं त्याच्याशिवाय उघडत नाहीत, मग एजमध्ये ते पान आयई मोडला टाकायचं. मायक्रोसॉफ्टनं तो निदान २०२९ पर्यंत ठेवणार म्हणून सांगितलंय. फक्त एक ध्यानात ठेव, आपण हातानं यादीत घातलेली साईट ३० दिवसांनी यादीतून आपोआप उडते, परत घालावी लागते. आमच्या ऑफिसात दर महिन्याला कोणीतरी "पोर्टल बंद पडलं, पोर्टल बंद पडलं" म्हणून बोंबलतंय ते ह्याच्यामुळंच.

दुसरं म्हणजे न वापरलेले टॅब झोपवतो, त्यामुळं ४ जीबीत पण श्वास घेता येतो. टॅब डाव्या बाजूला उभे लावता येतात. आणि स्प्लिट स्क्रीन, एकाच खिडकीत दोन पानं शेजारी शेजारी.

वाईट काय, तर लाडीगोडी फार. नवीन टॅब उघडला की बातम्यांचा बाजार, अपडेट झालं की "मला डिफॉल्ट करा", बिंग वापरा, हे घ्या ते घ्या. पहिल्या दिवशी बसून सगळं बंद करायला लागतं.

वडगावचा_बेंगळूरात
झेरॉक्सवाले भाऊ, बटण का हलत नाही ते सांगतो, मी हेच काम करतो पोटासाठी. क्रोमचं भाषांतर पानातल्या मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवती आपले स्वतःचे टॅग गुंडाळतं. हल्लीच्या साईट रिॲक्टसारख्या साईट बांधायच्या तयार साधनांवर बांधलेल्या असतात, त्यांचा हिशोब असा की पानावर कुठं काय ठेवलंय ते फक्त आम्हालाच माहीत. मधेच तिसऱ्यानं येऊन सामान हलवलं की त्यांना आपलं सामान सापडत नाही आणि पान गप्प बसतं. सगळ्याच साईटवर होत नाही, पण झालं तर दोष तुझ्या माऊसचा नाही.

उपाय सोपा आहे. टॅबवर राईट क्लिक करून डुप्लिकेट कर. एक टॅब मूळ कन्नड, त्यातच भरायचं आणि त्यातच सबमिट. दुसऱ्या टॅबात मराठी भाषांतर, ते फक्त वाचायला आणि गिऱ्हाईकाला दाखवायला. वर एजचं स्प्लिट स्क्रीन सांगितलंय ते इथं कामाला येईल. आणि भाषांतरातली नावं, गावं, आकडे ह्यावर कधीच जायचं नाही, ते मूळ पानावरच तपासायचं. भाषांतर माणसाच्या आडनावाचं पण भाषांतर करून टाकतं.

आता माझी आवड. मी फायरफॉक्सवाला, २००४ ला १.० आला त्यानंतर लगेच धरला तो अजून सोडलेला नाही. त्यात कंटेनर म्हणून ॲड-ऑन (ब्राऊजरला वरून जोडायचं साधन, त्यालाच एक्स्टेन्शन पण म्हणतात) आहे, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचंच, एकाच साईटवर एकाच वेळी वेगवेगळ्या रंगाच्या टॅबात वेगवेगळे लॉगिन. दुकानदाराला ह्यासारखी दुसरी गोष्ट नाही. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन पण त्यातच पूर्ण ताकदीनं चालतं, क्रोमनं मॅनिफेस्ट व्ही३ (एक्स्टेन्शनसाठीचे नवे नियम) आणून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केली, तिथं आता त्याचं लाईट रूप मिळतं.

पण खोटं कशाला बोलू, तुझ्या मुख्य कामात फायरफॉक्स मागं आहे. त्याचं भाषांतर आपल्याच मशीनवर होतं, पानातला मजकूर बाहेर कुठं जात नाही, विचार म्हणून मला ते फार आवडतं. पण २०२३ ला सुरू झालं तेव्हा युरोपातल्या भाषा आधी आल्या, आणि भाषांच्या बाबतीत गूगलच्या पुढं ते अजून पोरगंच आहे. कन्नड ते मराठी पाहिजे तर क्रोम नाहीतर एज. वर काही साईटवाले फक्त क्रोमवर तपासून मोकळे होतात, मग फायरफॉक्समध्ये रकाना इकडचा तिकडं.

नादखुळा_निपाणी
एज काय ब्रेव्ह काय ऑपेरा काय विवाल्डी काय, आत सगळ्यांच्या क्रोमियमच (क्रोमचाच गाभा) आहे मर्दानो. वेगळे उरले दोनच, फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी. आयफोनवर तर आपल्याकडं नाव कुठलंबी असू दे, आत सफारीचंच इंजिन. आणि फायरफॉक्सवाल्यांनी गूगलला शिव्या घालाव्यात ह्याचं मला हसू येतं, मोझिलाचा बराचसा पैसा गूगल सर्चच्या करारातूनच येतो की!

मी ब्रेव्ह वापरतो. ज्यानं १९९५ ला जावास्क्रिप्ट केली तोच ब्रेंडन आईक त्याच्यामागं. जाहिराती पहिल्यापासूनच बंद, वेगळं काही घालायला नको, पान चटकन उघडतंय. वैताग म्हणजे क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्डची बटणं, कोणी मागितली होती काय की. आणि कधी कधी पेमेंटच्या पानाची किंवा कॅप्चाची पण जाहिरात समजून मान मुरगाळतो, तेव्हा वरच्या सिंहावर क्लिक करून त्या साईटपुरतं शिल्ड बंद करायचं. दुकानात ठेवशील तर हे माहीत पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईकाचे पैसे मधेच लटकायचे.

जुन्या नोकियावर ऑपेरा मिनी होता तो खरा ब्राऊजर. ऑपेराच्या सर्व्हरवर पान दाबून बारीक व्हायचं आणि मगच फोनवर यायचं, टूजीवर क्रिकेटचा स्कोर लागायचा. बँकेचं काम मात्र त्यात करू नये म्हणायचे, कारण सगळं त्यांच्या सर्व्हरवरून जायचं.

येळ्ळूरची_ताई
ब्राऊजरच्या जातकुळीवर सगळे बोलले, पण त्या दादांचा ओटीपीचा प्रश्न तसाच राहिला की.

दादा, आधी सेटिंगमध्ये जाऊन ऑटोफिल बंद करा, पत्ते, फोन नंबर, पासवर्ड, कार्ड सगळंच. मग गिऱ्हाईकाचं काम क्रोम किंवा एजच्या गेस्ट खिडकीत करायचं, खिडकी बंद केली की लॉगिन, हिस्टरी, सगळं जातं. पण डाऊनलोड केलेली फाईल जात नाही हो!! ती फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. आमच्या इथल्या एका सेंटरवर मी डाऊनलोडचं फोल्डर उघडलेलं बघितलं, गावातल्या सगळ्यांची आधार कार्डं ओळीनं. रोज दुकान बंद करताना ते फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामं करा. आणि "पासवर्ड सेव्ह करू का" विचारलं की कधीच हो म्हणू नका, मशीनला विंडोजचा पासवर्ड नसेल तर कोणीबी सेटिंगमध्ये जाऊन ते बघू शकतंय. फायरफॉक्समध्ये निदान त्याला वेगळा प्रायमरी पासवर्ड लावता येतो, पण तो आपण लावला तर.

अजून एक. पीडीएफमधला कन्नड मजकूर भाषांतर होत नसेल तर बहुतेक तो जुन्या नुडीच्या (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो नाहीतर स्कॅन केलेला. कॉपी करून बघा, इंग्लिश अक्षरांचा नुसता चिवडा येईल. तिथं क्रोममध्ये राईट क्लिक करून गूगल लेन्स घ्यायचं, तेवढा भाग माऊसनं निवडायचा आणि ट्रान्सलेट. चित्र बघून वाचतं, त्यामुळं फॉन्ट कुठला आहे त्याला काही घेणं नाही. माझी मुख्य कारणं क्रोम ठेवायची हीच, बाकी मोबाईलवर मी फायरफॉक्स वापरते कारण त्यात यूब्लॉक चालतं, मोबाईलच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनच घालता येत नाही.

शहापूरचे_मास्तर
चर्चा वाचून आनंद झाला. मी निवृत्त शिक्षक, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वाचन कमी केलं आहे. एजमध्ये 'मोठ्याने वाचा' आहे त्यात मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, कन्नडसाठी सपना आणि गगन. अग्रलेख रोज मनोहरकडून ऐकतो. जोडाक्षरं स्वच्छ म्हणतो, विरामचिन्हांना थांबतो, माझ्या काही विद्यार्थ्यांना हे जमलं नाही. मात्र इंटरनेट गेलं की तोही गप्प. फायरफॉक्सच्या वाचन मोडातही ऐकायची सोय आहे, पण ती कॉम्प्युटरमधलेच आवाज वापरते आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये मराठी आवाज नाही.

जाता जाता, तुम्हा मुलांना ठाऊक नसेल, एके काळी मराठी वर्तमानपत्रांच्या साईट युनिकोडमध्ये (सगळीकडं सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नव्हत्या, ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा, आणि एक्सप्लोरर सोडून दुसरीकडं उघडल्या की अगम्य चिन्हं दिसायची. फायरफॉक्सला तेव्हा पद्म नावाचं ॲड-ऑन मिळायचं, ते अशा मजकुराचं युनिकोड करून द्यायचं.

खानापूरचा_झेरॉक्सवाला
सगळ्यांना लई धन्यवाद. ताई, ऑटोफिल बंद केलं, फोल्डर पण साफ केलं, काय काय निघालं त्यातनं विचारू नका. दोन टॅबची आयडिया चालायली बघा, काल एका उताऱ्याचं काम बटण न अडकता झालं. मुख्य मशीनवर एज ठेवतो, लेन्ससाठी क्रोम शेजारी.

मास्तर, एक विचारायचं होतं, कन्नड पान आधी मराठीत करून मग ते आवाजात ऐकवता येईल काय? आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी आज्ज्यांना वाचायलाच येत नाही, नुसतं ऐकवलं तरी काम होईल.

आणि विंडोज ७ वाल्या डबड्याचं कोणी बोललंच नाही.

शहापूरचे_मास्तर
येईल. आधी भाषांतर करा, पान शेवटपर्यंत खाली सरकवून सगळं मराठीत आलं का पाहा, मग कंट्रोल शिफ्ट यू दाबा आणि वरच्या पट्टीत आवाज आरोहीचा निवडा. वेग थोडा कमी ठेवा. आज्ज्यांना मनोहरपेक्षा आरोहीचा आवाज पटेल असं वाटतं.

वडगावचा_बेंगळूरात
डबड्याचं सांगतो. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची, त्यानंतर सुरक्षेचं एक पण अपडेट नाही. फायरफॉक्सनं जुन्या विंडोजसाठी ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) ठेवला होता, त्याची मुदत एकापेक्षा जास्त वेळा वाढवली, पण मुदतीवर कितीसं जगणार. आणि विंडोज १० चा फुकट सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा दुसऱ्या मशीनचं पण बघायला लागेल तुला. डबड्यावर लॉगिनचं काम करू नको, इंटरनेटची वायर काढ आणि पेन ड्राईव्हवरून नुसत्या प्रिंटा मार.

नादखुळा_निपाणी
पेन ड्राईव्ह गिऱ्हाईकाचा लावू नको फक्त. व्हायरसचं माहेर असतंय ते.