नऊ वर्षांचे काम रेझ्युमेत कसे मांडावे आणि मुलाखतीत कसे सांगावे?

मोजपट्टी:

यंत्रावर कापल्या जाणाऱ्या धातूच्या भागांची गुणवत्ता तपासण्यात माझी नऊ वर्षे गेली, आणि ती सर्व एकाच कारखान्यात. त्यानंतर घरातील आजारपणामुळे दोन वर्षे नोकरी सोडून राहावे लागले. आता पुन्हा त्याच क्षेत्रात काम शोधत आहे. गेल्या चार महिन्यांत सुमारे ४० ठिकाणी अर्ज केले. त्यांपैकी दोनच ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले आणि दोन्हीकडे पुढे काही झाले नाही.

माझा रेझ्युमे तीन पानांचा आहे. आरंभी 'उद्दिष्ट' या शीर्षकाखाली 'आव्हानात्मक वातावरणात स्वतःच्या कौशल्यांचा विकास साधत संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे' असे वाक्य आहे. ते मी कुठून तरी उचलले, हे कबूल करते. अनुभवाखाली तपासणी, नोंदी, अहवाल, ऑडिटची तयारी अशी कामांची यादी आहे. 'आकडे द्या' हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण मी विक्री विभागात नव्हते. तपासनीसाने कोणता आकडा द्यायचा? मुलाखतीत 'स्वतःविषयी सांगा' म्हटले की मी रेझ्युमेच पुन्हा वाचून दाखवल्यासारखे बोलते, आणि 'एखादा कठीण प्रसंग सांगा' म्हटले की काहीच आठवत नाही. आधी रेझ्युमे सुधारावा की आधी मुलाखतीची तयारी करावी? आणि मधल्या दोन वर्षांविषयी काय लिहावे?

टेबलापलीकडून:

तांत्रिक पदांच्या मुलाखत मंडळांवर मी बरीच वर्षे बसत आलो आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

'आधी काय' हा आपला प्रश्नच मला मोडून काढावासा वाटतो. रेझ्युमेतील प्रत्येक ओळ म्हणजे मुलाखतीत येणारा एक प्रश्न असतो, कारण आमच्या हातात तोच कागद असतो आणि आम्ही त्यावरच बोट ठेवून विचारतो. ज्या ओळीवर आपल्याला चार-पाच मिनिटे तपशिलाने बोलता येणार नाही, ती ओळ कागदावर असण्याचे कारण नाही. आणि ज्या प्रसंगावर आपण सहज बोलू शकतो, तो कागदावर नसेल तर आम्ही त्याबद्दल विचारणार तरी कसे? आपल्याला मुलाखतीत 'काहीच आठवत नाही', याचे मूळ माझ्या मते स्मरणशक्तीत नसून रेझ्युमेत आहे. त्यात कामांची नावे आहेत, घडलेले काहीच नाही.

म्हणून रेझ्युमे बाजूला ठेवा आणि एका कोऱ्या वहीत नऊ वर्षांतील प्रसंग आठवतील तसे लिहा. एखादी बॅच का परत आली, कोणती तक्रार आली, ऑडिटमध्ये कोणत्या मुद्द्यावर बोट ठेवले गेले, कोणाशी मतभेद झाला, कोणती नोंदवही आपण येण्यापूर्वी नव्हती आणि नंतर सुरू झाली. भाषा कच्ची राहिली तरी चालेल. असे वीसेक प्रसंग जमले की त्यांतील सहा-सात निवडा. रेझ्युमेच्या ओळी त्यांतून काढायच्या, आणि मुलाखतीची उत्तरेही त्यांतूनच.

आकड्यांविषयी एक सावधगिरी. 'उत्पादकता ३० टक्क्यांनी वाढवली' असे वाचले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे मोजले कसे, आणि आधीचा आकडा कोणता होता? निम्म्याहून अधिक उमेदवार तिथेच अडखळतात आणि मग कागदावरील उरलेल्या ओळींकडेही संशयाने पाहिले जाते. तपासनीसाकडे खरे तर प्रामाणिक आकडे पुष्कळ असतात: रोज किती भाग तपासले, किती मिलिमीटरच्या टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत) काम केले, किती उपकरणांच्या कॅलिब्रेशनची (ती अचूक मोजतात का हे प्रमाणाशी पडताळण्याची) जबाबदारी होती, किती नव्या लोकांना काम शिकवले. आकड्यातून कामाचा आवाका कळला तरी पुरे. त्यात वाढ किंवा घट असलीच पाहिजे असे नाही.

'उद्दिष्ट' मात्र पूर्ण काढून टाका. त्या जागी आपण कोण, किती वर्षांचा आणि कशाचा अनुभव, आणि कोणत्या पदासाठी अर्ज आहे, एवढे दोन ओळींत लिहा. तीन पानांची दोन करा, एक झाले तर उत्तमच.

साधा मजकूर:

वरील सल्ला माणसाने वाचण्याविषयी आहे. मी भरतीच्या सॉफ्टवेअरशी संबंधित काम करतो, त्यामुळे अर्ज माणसापर्यंत पोहोचण्याआधी काय घडते याविषयी थोडे लिहितो.

मोठ्या संस्थांकडे आलेला रेझ्युमे बहुधा एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अर्ज साठवून त्यांत शोध घेऊ देणाऱ्या प्रणालीत जातो. ती फाइलमधील मजकूर वेगळा काढते आणि नाव, पद, संस्था, तारखा, शिक्षण अशा रकान्यांत बसवण्याचा प्रयत्न करते. दोन स्तंभांची मांडणी असेल तर काही प्रणाली डावीकडची आणि उजवीकडची ओळ सलग वाचतात आणि मजकुराची खिचडी होते. पानाच्या हेडरमध्ये लिहिलेला फोन क्रमांक कधी कधी सुटून जातो. कागद स्कॅन करून पीडीएफ केली असेल तर ते चित्र असते, त्यात मजकूर नसतोच. याची परीक्षा अगदी सोपी आहे: फाइल उघडून सर्व मजकूर निवडा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल, साधारण तेच प्रणालीला दिसते असे समजा.

जाहिरातीत ज्या कौशल्यांची नावे आहेत ती, आपल्याला खरोखर येत असतील तर, त्याच शब्दांत लिहा. जाहिरातीत 'सीएमएम' असेल आणि आपण फक्त 'कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन' असे लिहिले असेल, तर शोध घेणाऱ्याला आपला अर्ज सापडेलच असे नाही. एकदा संक्षिप्त आणि एकदा पूर्ण रूप द्यावे. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. मजकूर वेगळा काढल्यावर तो काळाच दिसतो आणि वाचणाऱ्याच्या मनातून आपण उतरता.

'यंत्रच अर्ज फेकून देते' ही भीती थोडी अतिरंजित आहे, हेही सांगायला हवे. आपोआप नकार येतो तो बहुधा अर्जासोबतच्या हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नांमुळे: अमुक परवाना आहे का, किमान इतका अनुभव आहे का. ते प्रश्न घाईत भरू नका. त्यापुढे वाचणारा माणूसच असतो, आणि तो घाईत असतो. द लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१२ मध्ये भरती करणाऱ्या ३० जणांच्या नजरेचा मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या चाळणीचा वेळ सुमारे ६ सेकंद निघाला. २०१८ मध्ये त्यांनीच पुन्हा पाहिले तेव्हा तो ७.४ सेकंद होता. हा अभ्यास एका व्यावसायिक संस्थेचा आहे, त्यामुळे दशांशावर फार विसंबू नये. पण त्या क्षणभरात नजर पदनाम, संस्था, तारखा आणि शिक्षण यांवरच फिरते, हे लक्षात ठेवून त्या गोष्टी ठळक आणि एका रेषेत ठेवाव्यात.

मोजपट्टी:

दोघांचेही आभार. नोटपॅडची परीक्षा आत्ताच केली. माझा रेझ्युमे दोन स्तंभांचा असल्याने 'शिक्षण' या शीर्षकाखाली माझे छंद आले आहेत. ४० अर्ज याच रूपात गेले, या विचाराने हसावे की रडावे ते कळेना.

वहीत लिहायला बसले तेव्हा पहिला प्रसंग असा आठवला की जो मी आजवर कुठेच सांगितला नाही, कारण त्यात चूक आमच्याच विभागाची होती. एका पाळीत मायक्रोमीटर (बारीक मापे घेण्याचे हातातील उपकरण) हातातून पडला आणि कोणीही तो तपासून न पाहता वापरात ठेवला. दुसऱ्या दिवशी माझी मोजमापे आदल्या दिवशीच्या नोंदींशी जुळेनात म्हणून मी तो स्लिप गेजवर (अचूक जाडीच्या प्रमाण ठोकळ्यावर) पडताळला, तर ०.०२ मिलिमीटरचा फरक निघाला. आमची टॉलरन्स लक्षात घेता तो फरक मोठा होता. मी पाठवणीसाठी बांधलेला माल थांबवण्यास सांगितले. पर्यवेक्षक नाराज झाले, कारण गाडी उभी होती. तीन पाळ्यांतील भाग पुन्हा मोजले, तेव्हा त्यांतील काही खरोखरच मर्यादेबाहेर निघाले. त्यानंतर प्रत्येक पाळीच्या आरंभी उपकरणांचे शून्य तपासून सही करण्याचा तक्ता मी तयार केला, आणि मी होते तोवर तो पाळला जात होता.

हे मुलाखतीत सांगितले तर 'तुमच्या विभागात असा निष्काळजीपणा होता का' असे विचारणार नाहीत का?

टेबलापलीकडून:

विचारतील, आणि विचारावेच. आपल्याकडे त्याचे उत्तर आहे: होता, तो मला आढळला आणि पुन्हा होऊ नये म्हणून मी हे केले. गुणवत्ता विभागासाठी माणूस घेताना आम्हाला सर्वांत आधी हेच जाणून घ्यायचे असते की गाडी दारात उभी असताना हा माणूस माल थांबवील का. नऊ वर्षे खिशात घेऊन आपण हिंडत होता आणि आम्हाला छंद दाखवत होता, असे म्हणायचा मोह होतो.

प्रसंग सांगण्याचा एक क्रम स्टार या नावाने प्रसिद्ध आहे: परिस्थिती, आपल्यावरील जबाबदारी, आपण केलेली कृती आणि परिणाम. उमेदवार बहुतेक वेळ परिस्थितीतच घालवतात. कारखाना कसा होता, कोण कोण होते, यातच दोन मिनिटे जातात. पहिल्या दोन भागांना मिळून चार वाक्ये द्या आणि उरलेला वेळ कृतीला. तिथे 'आम्ही' नको, 'मी' हवे. आपण नेमके काय केले ते 'आम्ही'मध्ये बुडून जाते. पर्यवेक्षकांच्या नाराजीचा भाग वगळू नका, फक्त तो तक्रारीच्या सुरात सांगू नका. त्यांची अडचण काय होती हेही एका वाक्यात सांगितले, तर आपल्याविषयीचा विश्वास वाढतो.

प्रसंगांवर एवढा भर का, याला आधार आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतींचा पुढील कामगिरीशी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) ०.५१, तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतींचा ०.३८ असा दिला होता. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आकडेमोडीच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन हे आकडे खाली आणले, तरी ठरावीक प्रश्नांची मुलाखत त्यांच्याही यादीत अग्रस्थानीच राहिली. त्यामुळे 'असा प्रसंग सांगा जेव्हा...' अशी सुरुवात असलेले प्रश्न आपल्याला भेटणारच, आणि समोरचा मान डोलावत नसून कागदावर गुण लिहीत असेल तर घाबरू नये.

मधल्या दोन वर्षांविषयी: लपवू नका आणि सविस्तरही लिहू नका. अनुभवाच्या क्रमात वर्षे देऊन 'कौटुंबिक जबाबदारीमुळे कामातून विराम' एवढी एक ओळ पुरे. आजार कोणाला आणि कोणता, हे सांगण्याचे कारण नाही. मुलाखतीत विचारले तर दोन वाक्ये: कारण हे होते, ती जबाबदारी आता पूर्ण झाली आहे. मग लगेच कामाकडे वळा.

दुसरी बाजू:

मी स्वतः गेल्या वर्षी नोकरी बदलली, म्हणून उमेदवाराच्या बाजूने थोडा मतभेद नोंदवतो. प्रसंग लिहून काढा हे खरे, पण माझा घोटाळा नेमका त्यातूनच झाला. मी उत्तरे इतकी नीट लिहिली की ती पाठ झाली, आणि मुलाखतीत प्रश्न थोडा वेगळा आला तरी तोंडातून तीच फीत वाजली. समोरच्या बाईंनी शांतपणे 'मी हे विचारले नव्हते' असे म्हटले. तेव्हापासून मी प्रत्येक प्रसंगाचे फक्त चार-पाच शब्द एका चिठ्ठीवर लिहितो आणि तो प्रसंग दर वेळी वेगळ्या वाक्यांत मोठ्याने सांगतो. मनातल्या मनात केलेली तयारी फसवी असते. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकले तेव्हा मला कळले की मी दर वाक्याला 'म्हणजे' म्हणतो.

'स्वतःविषयी सांगा' यासाठी माझा हिशेब दीड मिनिटाचा आहे: सध्या किंवा शेवटचे काम काय, तिथवर कसे आलो, आणि हे पद का हवे. जन्म आणि शाळा यांपासून सुरुवात नको.

आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का' म्हटल्यावर 'नाही' म्हणू नये. आपल्या क्षेत्रात तर सरळ विचारता येईल: तपासनीसाला माल थांबवण्याचा अधिकार आहे का, की तो फक्त कळवतो? त्या उत्तरावरून ती जागा आपल्याला हवी आहे का, हेही कळेल.

मोजपट्टी:

तो शेवटचा प्रश्न मी नक्की विचारणार.

रेझ्युमे एका स्तंभात आणि दीड पानात आणला. 'गुणवत्ता तपासणीची जबाबदारी सांभाळली' या जुन्या ओळीच्या जागी आता असे लिहिले आहे: 'पाळीच्या आरंभी मोजमाप-उपकरणांचे शून्य पडताळण्याची पद्धत सुरू केली, एका सदोष मायक्रोमीटरचा शोध लावून तीन पाळ्यांतील भागांची फेरतपासणी केली आणि मर्यादेबाहेरचे भाग ग्राहकाकडे जाण्यापासून रोखले, ज्यामुळे ग्राहकांच्या तक्रारी शून्यावर आल्या.' हे ठीक आहे का?

टेबलापलीकडून:

'ज्यामुळे'पासूनचे काढून टाका. त्या प्रसंगानंतर एकही तक्रार आली नाही हे दाखवणारी नोंद आपल्याकडे असेल तर गोष्ट वेगळी, पण नसेल तर मी पहिला प्रश्न त्यावरच विचारीन. क्रमही उलटा करा: आधी मायक्रोमीटर, मग फेरतपासणी, मग पद्धत. घडले तसे. बाकी ओळ चांगली आहे. ती पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात येईल असे पाहा.