अनुभव धागा: पीसीवर आखलेला रूट आणि यंत्राने काढलेला भलताच रस्ता

भीमाकाठ
आषाढीच्या रस्ताबंदीचे मेसेज फिरायला लागले आणि जीपीएस यंत्रात रूट घालायची जुनी कटकट आठवली. पीसीवर सोलापूर-मंगळवेढा-पंढरपूर आखायचं, फाइल टाकायची, 'गो' दाबलं की यंत्र मोहोळकडे निघालं! जीपीएक्स (जीपीएसच्या रूट-ट्रॅकची फाइल) मधल्या 'रूट'मध्ये बहुतेकदा फक्त ठिकाणं असतात, मधला रस्ता यंत्र आपल्या नकाशावर, आपल्या सेटिंगने नव्याने काढतं. पीसीवर 'टोल टाळा' बंद आणि यंत्रात चालू, म्हणजे झालंच कल्याण. नकाशाची आवृत्ती, वाहनाचा प्रकार, टाळायच्या गोष्टी दोन्हीकडे सारख्या ठेवा. ऑटो रिकॅल्क्युलेट (वाट सोडली की आपोआप नवा रस्ता काढणं) 'विचारून' वर ठेवा. तुमचेही उपाय लिहा.

सातरस्ता
मधे पॉइंट घाला की. पण चौकात नको, चौकाच्या पुढे दोन-तीनशे मीटरवर. चौकातला पॉइंट हमखास सर्व्हिस रोडवर नाहीतर पुलाखाली बसतो. पुणे रोडला डिव्हायडरच्या पलीकडं पडला तर बघायलाच नको. यंत्रात बोलणारी बाई पुढच्या कटला यू-टर्न घ्यायला लावणार, पॉइंटला शिवून परत यू-टर्न. पूर्ण झूम करून आपल्याच बाजूवर बसलाय का बघायचं.

बाळीवेस
+१. आणि ते पॉइंट 'व्हाया' (थांबा) नको, 'शेपिंग' (नुसता रस्ता वळवायला) करा. व्हाया हुकला की यंत्र मागेच ओढत राहतं, स्किप दाबेपर्यंत. शेपिंग पॉइंटचा गाजावाजा नसतो. चहा-डिझेलला खरंच थांबायचंय तेवढेच व्हाया.

कडक_भाकरी
चहा कुठं पण? मोहोळला का?

बाळीवेस
तुझं लक्ष कुठाय बे 😄

चादरवाला
रूटच्या जोडीला ट्रॅक टाकाच. ट्रॅक म्हणजे नुसती रेघ, यंत्र ती बदलत नाही, पण वळणाला बोलतही नाही. रूट बोलायला, ट्रॅक वेगळ्या रंगात बघायला. दोन्ही फाटले की गाडी बाजूला घ्या. जुन्या यंत्रात लांब ट्रॅकचं शेपूट कापलं जातं. जीपीएसबेबेल या पीसीवरच्या प्रोग्रॅमचा सिम्प्लिफाय (पॉइंट कमी करणारा) फिल्टर लावून ५०० पॉइंटवर आणा. वळणं जरा तिरकी दिसतील, चालतंय.

कंबरतलाव
ऑफिसातून पटकन. नकाशा जुना असेल तर 'धाराशिव' शोधून मिळणार नाही, उस्मानाबाद टाका. विजयपुराला बिजापूर, कलबुर्गीला गुलबर्गा. हायवेचे नंबरपण जुनेच: पुणे-हैदराबाद ६५ च्या जागी ९, धुळ्याकडच्या ५२ च्या जागी २११. पॉइंटची नावं देवनागरीत दिली तर बऱ्याच यंत्रांत नुसते चौकोन. इंग्रजी अक्षरांत आणि छोटी द्या.

भीमाकाठ
अक्षांश-रेखांशाचं कुणीतरी लिहा.

सातरस्ता
लिहितो. १७ अंश ४० मिनिटं म्हणजे १७.४० नव्हे, १७.६६७. मिनिटांना ६० ने भागायचं. तसंच दामटलं तर पिन साधारण ३० किमी दक्षिणेला. ७५ अंश ५४ मिनिटांचं ७५.५४ केलं तर आणखी ३८ किमी पश्चिमेला, म्हणजे सोलापुरातलं ठिकाण गेलं मंगळवेढ्याच्या बाजूला. दुसरं, केएमएलमध्ये (गूगल अर्थची फाइल) आधी रेखांश, मग अक्षांश. हाताने चिकटवताना उलटं झालं तर सोलापूर थेट नॉर्वेच्या वरच्या बर्फाळ समुद्रात.

कडक_भाकरी
उन्हाळ्यात चालेल की तिथं

मुळेगावकर
रस्ताबंदीसाठी पीसीवर 'टाळायचा भाग' आखलाय, तो यंत्रात जातो का?

चादरवाला
त्याच्या भरवशावर राहू नका, यंत्रातच वेगळा घाला. आणि पौर्णिमेनंतर काढा, नाहीतर उगाच लांबून फिरवत बसेल.

मुळेगावकर
बरं. माझं यंत्र पीसीला दिसतच नाही पण. नुसतं चार्ज होतंय.

बाळीवेस
केबल बदला. काहींत फक्त चार्जिंगच्याच तारा असतात, डेटाच्या नसतात. यंत्रासोबत आलेली लावा.

मुळेगावकर
दिसलं! आता ६४ जीबीचं कार्ड घेत नाही.

कंबरतलाव
३२ च्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, जुनी यंत्रं फॅट३२ च वाचतात (दोन्ही कार्डाच्या फॉरमॅटचे प्रकार). ३२ चं घ्या. आणि नकाशाची एक फाइल ४ जीबीच्या आत ठेवा, फॅट३२ वर त्याहून मोठी बसत नाही. कॉपी शेवटाला अडकते आणि माणूस कार्डाला शिव्या घालतो.