मदत हवी आहे: जूनमध्ये थारच्या शिकारीला चाललोय, पहिल्यांदाच स्वतः रायफल घेऊन (न्यूझीलंड)

नमस्कार मंडळी,
मी मूळचा नाशिकचा, गेली सहा वर्षं क्राइस्टचर्चला आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, त्यामुळे हा प्रश्न फक्त इथल्यापुरता. इथे थार म्हणजे आपल्याच हिमालयातला केसाळ रानबोकड. ड्यूक ऑफ बेडफर्डने भेट दिलेले थार १९०४ मध्ये माउंट कुकजवळ हर्मिटेज हॉटेलच्या भागात सोडले, इथे हिमबिबट्या नाही की लांडगा नाही, त्यामुळे ते वाढतच गेले आणि वरचं टसॉक गवत आणि डोंगरावरची नाजूक झाडं खाऊन साफ करतात. १९९३ च्या सरकारी प्लॅनमध्ये जास्तीत जास्त १०,००० थार अशी मर्यादा घातलीय, प्रत्यक्षात संख्या कधीच त्याच्या वर गेली. जो प्राणी हिमालयात जपायचा तोच इथे कमी करायचा, हे आईला फोनवर समजावताना माझी दोन संध्याकाळ गेली, आणि ती अजूनही पूर्ण पटलेली नाही.

तर मुद्दा. गेल्या जूनमध्ये कामावरच्या दोघांबरोबर रंगिटाटा नदीच्या वरच्या खोऱ्यात गेलो होतो, रायफल नव्हती, नुसता सोबत. मी हरिहर, अलंग-मदन-कुलंग सगळं केलेला माणूस, वाटलं डोंगर माझ्या ओळखीचा आहे. पण आपला कातळ हाताला आधार देतो, इथला दगड हातातच निघून येतो. सगळा ग्रेवॅक जातीचा, फुटका, आणि घसारा असा की नाळेत पाऊल टाकलं की सगळी नाळ आपल्याबरोबर चालायला लागते. वर गोठलेलं टसॉक उताराच्या दिशेनं लोळलेलं, त्यावर बूट ठरत नाही. मधेमधे स्पॅनियर्ड नावाचं सुळ्यांसारख्या पानांचं झुडूप, पडताना नेमका त्यालाच हात जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला एका सोबत्याने बुल (थारचा नर) पाडला. नेम चांगला होता, जनावर जागेवरच गेलं, पण ते उभं होतं कड्याच्या पट्टीवर, तिथून घरंगळत खाली एका नाळेत पडलं आणि तिथे उतरायला वाटच नव्हती. आम्ही दोन तास शोधली. जूनमध्ये इथे पाचला अंधार होतो. शेवटी हेडलाइटवर सोंडेवरून मागे आलो, जनावर तिथेच राहिलं, मांस नाही, काही नाही. त्या रात्री हटमध्ये (डोंगरातली मुक्कामाची झोपडी) कोणी फारसं बोललं नाही. मला ती गोष्ट अजून टोचते.

या वर्षी माझ्याकडे लायसन्स आहे, रायफल .३०८ बोल्ट अ‍ॅक्शन आहे, ससे आणि दोन हरणं झालीत. डॉकचं (इथलं निसर्ग-संवर्धन खातं) परमिट काढलंय, ते फुकट आणि ऑनलाइन मिळतं. पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारं यंत्र) आहे. मला विचारायचंय ते हे:

गोळी मारायची की नाही हे तुम्ही नेमकं कशावरून ठरवता? जनावर समोर आहे, चार तास चढून आलोय, बोट ट्रिगरवर आहे, तेव्हा डोकं शांत ठेवून काय बघायचं?
क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाला बांधायचे लोखंडी दात) कधी वापरले नाहीत, तीन आठवड्यांत शिकता येईल का?
आणि तीव्र उतारावर नेम कसा धरायचा, रेंजवर सगळं सपाट असतं.

बायको घाबरलीय, तिला खोटं सांगून जायचं नाहीये.

प्रतिसाद १
टिमारूहून लिहितोय, बारा हिवाळे थारमागे घालवलेत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ट्रिगरवर बोट ठेवून मिळत नाही दादा, ते आधी मिळवायचं. जनावर दिसलं की मी रायफल खाली ठेवतो आणि दुर्बिणीने जनावर न बघता त्याच्या खालचा शंभर मीटरचा उतार बघतो. पडलं तर कुठे थांबेल? तिथे मी सॅक घेऊन जाऊ शकतो का? आणि वीसेक किलो वजन पाठीवर आल्यावर त्याच वाटेने परत येऊ शकतो का? तिन्हीला हो आलं तरच. एकाला जरी 'बघू' असं उत्तर आलं तरी थांबायचं, बऱ्याचदा तासाभरात ते चरत चरत बऱ्या जागी येतात. दुपारी दोननंतर अवघड जागेवर मी गोळी मारतच नाही.

नेमाचं: चढ असो वा उतार, गोळी वरच लागते. ३०० मीटर दिसतंय आणि कोन ४० अंशांचा असला तर आडवं अंतर साधारण २३० धरायचं. कोन दाखवणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्या. चढताना चेंबर (रायफलमधली गोळी भरायची जागा) रिकामं, कायम, कितीही जवळ जनावर असू दे.

थार धोका खालून येईल असं धरून चालतो, म्हणून वरून यायचं. सकाळी गार हवा खाली वाहते, ऊन आलं की वर चढते, त्याप्रमाणे वेळ ठरवा. आणि पहिल्याच वेळी मोठ्या शिंगांच्या बुलमागे लागू नका. माजावरच्या बुलच्या मांसाला वास येतो, मादीचं मांस खरंच चांगलं असतं, आणि संख्या कमी करायची तर मादीच मारायला हवी, डॉकही तेच सांगतं.

प्रतिसाद २
मी शिकार करत नाही, गिर्यारोहण करते, उत्तरकाशीला बेसिक कोर्स केलाय. क्रॅम्पॉन तीन आठवड्यांत चालण्यापुरते शिकता येतात, पण त्याबरोबर आइस अ‍ॅक्सने घसरताना स्वतःला थांबवणं शिकलंच पाहिजे, नाहीतर क्रॅम्पॉन घालून घसरलेला माणूस जास्त मोडतो कारण दात अडकून घोटा जातो. एखादा वीकेंड कोर्स करा, व्हिडिओ बघून नाही. बूट कडक तळव्याचे हवेत, मऊ ट्रेकिंग बुटावर क्रॅम्पॉन निघून येतात. हिमप्रपाताचा रोजचा अंदाज निघण्याआधी वाचा. ३० ते ४५ अंशांचा ताज्या बर्फाचा उतार दिसला तर त्याच्यावर पण नको आणि त्याच्या खाली पण नको. बायकोला जायची वाट, परत यायची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कोणाला कळवायचं हे कागदावर लिहून द्या.

प्रतिसाद १ (पुन्हा)
ताईंचं बरोबर आहे. एक राहिलं, नदी. नॉर्थवेस्टर (वायव्येचा वारा) सुटला की पाऊस मुख्य रांगेवर पडतो आणि तुमच्या डोक्यावर आभाळ निळं असतानाही रंगिटाटाचं पाणी वाढतं. जाताना गुडघ्याएवढं होतं म्हणून येताना तेवढंच असेल असं धरू नका. गढूळ झालं असेल किंवा तळातून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर हटमध्येच बसा, एक दिवसाचं जास्तीचं खाणं त्यासाठीच.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. कोर्स बुक केला, पुढच्या शनिवार-रविवारचा. सोबत्यांशी काल बोललो, तीन प्रश्न आणि दोनची वेळ दोघांनाही सांगितली. ज्याचा बुल नाळेत गेला होता तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला चालेल. मादीच बघणार आहे. आता एवढंच सांगा, कोन दाखवणारा रेंजफाइंडर भाड्याने कुठे मिळतो का, का घेऊनच टाकू? आणि हाडं काढून मांस वाहायला नेहमीची ६५ लिटरची सॅक चालेल की फ्रेमवालीच लागते?