गाडीतच मुक्काम, सोबत भुरी: तिला बाहेर बांधायचं कसं?

भांडुपची_अनू

नमस्कार मंडळी. भांडुपचं भाड्याचं घर सोडून दिवाळीनंतर सहा महिने आम्ही दोघं गाडीत राहणार आहोत. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून झाली. सागरी महामार्ग धरून रेंगाळत मालवणपर्यंत जायचं, नेटवर्क मिळेल तिथे काम करायचं.

सोबत आमची कुत्री, भुरी. चार वर्षांची, १८ किलो, आमच्या गल्लीतच जन्मलेली. फटाका वाजला की वाट फुटेल तिकडे पळते, म्हणून अनोळखी जागी मोकळं सोडणं शक्य नाही.

मागच्या रविवारी तालीम म्हणून केळव्याला सुरूच्या बनात थांबलो. गळपट्ट्याला नायलॉनची दोरी, दुसरं टोक गाडीच्या दाराला. नवरा पाणी आणायला गेलेला, मी आत पोहे करत होते. दहा मिनिटांनी बाहेर येते तर भुरीने मागच्या चाकाला तीन वेढे घातलेले. दोरी वीतभर उरलेली, मान वाकडी, ऊन थेट अंगावर, आणि पाण्याचं भांडं नाकापासून हातभर लांब. ती भुंकलीसुद्धा नव्हती. सोडवल्यावर बघितलं तर गळ्याखालचे केस घासून आतली गुलाबी कातडी दिसत होती. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

बांधायचं कशाला, दोरी किती लांब, जमिनीत ठोकायच्या खुंट्या चालतात का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

घाटवाटा

अनूताई, गळपट्टा फक्त नाव-नंबरच्या बिल्ल्यासाठी ठेवा. दोरी कायम हार्नेसला, तीही पाठीवरच्या कडीत. कुत्रं धावत सुटतं आणि दोरी संपते, तेव्हा सगळा हिसका गळ्यावर येतो. छातीवर तो विभागला जातो.

आणि दोरी जमिनीवर लोळवायचीच नाही. आम्ही ट्रेकवाले मंडळी तळ टाकतो तेव्हा दोन झाडांमध्ये आडवा दोर ताणतो, कपडे वाळत घालायला बांधतो तसा. आपल्या डोक्याच्या उंचीवर. त्यावर एक कॅराबिनर (दोरावर सरकणारी, उघडझाप होणारी धातूची कडी), त्यातून खाली दुसरी दोरी, ती हार्नेसला. खालची दोरी एवढीच ठेवा की भुरी आडवी पडली तरी ताण बसणार नाही, पण पायात लोळणही येणार नाही. दोन्ही झाडांच्या अलीकडे साधारण दोन मीटरवर आडव्या दोराला जाड गाठ मारा. कॅराबिनर तिथेच अडतो आणि तिला खोडाला वेढे घालता येत नाहीत. एकच झाड असेल तर दुसरं टोक गाडीच्या कॅरिअरला, पण मग गाडीच्या बाजूची गाठ आणखी आत घ्या, चाकापर्यंत पोचताच कामा नये.

खोडाला दोर थेट नको, साल सोलते. रुंद पट्टी गुंडाळा. नारळाखाली तर अजिबात नको, वरून झाप किंवा नारळ कधी पडेल सांगता येत नाही.

खालच्या दोरीत भोवरकडी हवीच, नाहीतर तासाभरात पीळ बसून ती निम्मी होते. हे सगळं सामान नागदेवी स्ट्रीटला सुटं मिळतं. कॅराबिनर किल्लीच्या जुडग्याचा घेऊ नका, तो भाराचा नसतो.

वेसावकर

वरचं सगळं बरोबर, मी फक्त गाठीचं सांगतो. जन्म होडीवर गेलाय. सुरगाठ हिसक्याने सुटते, निरगाठ भिजली की दातानेही सुटत नाही, आणि सरकता फास तर जनावराला कधीच लावायचा नाही. बोलाईन शिका. कितीही ओढ बसली तरी सरकत नाही, आवळत नाही, आणि ओढ गेली की बोटाने सुटते. कुत्र्याच्या टोकाला मात्र गाठ नको, हुक हवा. अडचणीच्या वेळी एका हाताने सोडवता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हाताने तुम्ही तिला धरलेलं असणार.

खाऱ्या हवेत साधं लोखंड महिन्याभरात गंजतं. स्प्रिंगचा हुक आधी जाम होतो. स्टेनलेसचा घ्या आणि रोज उघडझाप करून बघा.

हायवेवाला

ताई, बावीस वर्षं ट्रक चालवतोय, त्यातली नऊ कुत्रा सोबत. माझं एकच ऐका. गाडीला कुत्रा बांधला की गाडीची किल्ली काढा आणि त्याच्याच हुकात अडकवा. एका ढाब्यावर माझ्या माहितीतल्या चांगल्या माणसाने पहाटे घाईत गाडी काढली. कुत्रा मागे बांधलेला होता. तो माणूस अजून त्यावर बोलत नाही.

किल्ली त्याच्याजवळ असेल तर त्याला सोडवल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. आठवणीवर सोडू नका.

दार उघडं ठेवून त्याला आत लांब दोरीने बांधलं, तर उडी मारताना दोरी अपुरी पडून तो लटकू शकतो. तेही टाळा.

डॉक्टरांची_मदतनीस

मी मुलुंडला प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. दोरीइतकीच सावलीही महत्त्वाची आहे. अकराची सावली एकला दुसरीकडे गेलेली असते, आणि बांधलेल्या जीवाला तिच्या मागे जाता येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. कोकणच्या दमट हवेत तेही नीट जमत नाही. नॉर्मल ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेला, लाळ घट्ट झाली, पाय लटपटायला लागले, की तिथल्या तिथे अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि मग डॉक्टरकडे न्या. आधी गाडी काढून रस्त्यात वेळ घालवू नका. बंद गाडीत ठेवणं तर याहून वाईट.

पाण्याचं भांडं जड हवं आणि दोरीच्या टप्प्यात आत हवं. तुमच्याकडे झालं तेच आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी केसेसमध्ये झालेलं असतं.

निघण्याआधी रेबीजची लस आणि लेप्टोची लस तारखेत आहे का बघा. गावातली कुत्री बांधलेल्या पाहुणीवर तुटून पडतात, आणि तिला पळताही येत नाही. रोज रात्री कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड तपासा. कोकणात उंच गवत आणि दगडांच्या ढिगाऱ्याजवळ बांधू नका, फुरसं तिथेच असतं.

आणि एक, कायद्याचं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तरी तो गुन्हाच.

येऊरच्या_पायथ्याशी

रात्री बाहेर बांधू नका. कृपा करून नाही. आमच्या अंगणातला शेरू बांधलेलाच होता. सकाळी दावं तसंच होतं, दुसऱ्या टोकाला पट्टा, बाकी काही नाही. आम्ही कोणीच काही ऐकलं नव्हतं. बिबट्या फक्त बोरिवलीच्या नॅशनल पार्कात असतो असं समजू नका. उसाच्या पट्ट्यात आहे, कोकणातल्या बागांच्या कडेलाही येतो, आणि कुत्रा त्याच्या नेहमीच्या खाण्यातला आहे. सुटा कुत्रा निदान घरात तरी शिरतो. अंधार पडायच्या आत भुरी गाडीत आणि दार बंद.

भांडुपची_अनू

येऊरच्या_पायथ्याशी, शेरूचं वाचून काय लिहावं कळेना. तुम्ही हे इथे लिहिलंत, मनापासून आभार. रात्रीचं ठरलं, ती आतच झोपेल.

काल उत्तनमार्गे गोराईला जाऊन करून बघितलं. एक टोक सुरूला, एक कॅरिअरला, गाठी दोन्हीकडे. भुरीने पहिला अर्धा तास मागे-पुढे येरझारा घातल्या, कॅराबिनर दोरावर किरकिरत होता. मग मातीत दोन फेऱ्या घेऊन सावलीत पाय पसरून झोपली. पोट वर! केळव्यानंतर पहिल्यांदाच मी चहा गरम असताना प्यायले. बोलाईन सहाव्या वेळी जमली. किल्ली तिच्या हुकाला.

एकदा दोन कावळे उतरले तेव्हा ती सुसाट निघाली आणि हिसका बसलाच. त्याला काही करता येईल का? आणि जिथे झाडच नाही, नुसती वाळू, तिथे काय?

घाटवाटा

हिसक्यासाठी खालच्या दोरीला समांतर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा बांधा, दोरीपेक्षा आखूड. आधी ट्यूब ताणली जाते, मग दोरी भार घेते. ट्यूब तुटली तरी दोरी आहेच. पण आडवा दोर लहान ठेवणं जास्त उपयोगाचं. धावायला जागाच कमी, तर वेगही कमी.

पिळाच्या खुंट्या वाळूत उपटून येतात आणि जांभ्याच्या सड्यावर आत जातच नाहीत. वाळूत गोणी भरा, मधोमध दोर बांधा, गुडघाभर खोल आडवी पुरा, वर तुडवा. दोर तिरका बाहेर काढा. मी स्वतः लोंबकळून बघितलंय, हलत नाही. निघताना खड्डा बुजवा.

तरीही वाळूत तुमच्यापैकी एकजण बाहेर बसलेलं हवं. खरं तर सगळीकडेच. बांधलेली असताना ती तुमच्या नजरेआड होता कामा नये, केळव्याला दहा मिनिटंच झाली होती.

डॉक्टरांची_मदतनीस

हार्नेस दोन पट्ट्यांचा घेतला असेल तर बदला. देशी कुत्र्यांची छाती खोल आणि डोकं निमुळतं, घाबरली की मागे सरकून त्यातून निघतात. कंबरेजवळ तिसरा पट्टा असलेला मिळतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतका सैल. तिचा घेर किती येतो ते इथे टाका, साइज सांगते.

भांडुपची_अनू

६१ सेंटीमीटर. कंबरेला ४६.