'स्टटरिंग'ला अडखळणं म्हणावं, की अडकणं, की आणखी काही?

खानापूरची

प्रश्न शब्दाचाच आहे, पण आधी थोडी हकिकत.

दिवाळीत मी स्वतः पीसी असेंबल केला. आजोबांच्या भजनी मंडळाचे अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवायचे, एवढ्यासाठीच. मशीन चालू झालं, विंडोज बसलं, सगळं झकास. पण रेकॉर्डिंग ऐकताना आवाज मध्येच तट्‌कन तुटतो आणि पुन्हा सुरू होतो. दहा मिनिटं काही नाही, मग लागोपाठ तीनदा. त्याच क्षणी माउसचा बाण जागच्या जागी थिजतो आणि मग उडी मारून पुढे जातो. इंग्रजीत ह्याला 'स्टटरिंग' म्हणतात.

दुकानात जाऊन म्हटलं, "कॉम्प्युटर स्लो झालाय." त्यांनी विचारलं, रॅम किती? सोळा. "अजून सोळा टाका." टाकली. पैसे गेले, तटतट तशीच. त्यांना तरी काय बोलणार, 'स्लो' मीच म्हटलं होतं. मशीन स्लो नव्हतंच, अर्ध्या मिनिटात चालू होत होतं.

आता दुसऱ्या एकांना सगळं मराठीत नीट लिहून पाठवायचंय. भाषांतराच्या यंत्राने 'स्टटरिंग'ला 'तोतरेपणा' दिलं आणि 'ड्रायव्हर लेटन्सी'ला 'चालक विलंब'. आजोबांनी ते वाचलं आणि विचारलं, "कुठल्या बसचा?" तर मंडळी, नेमके शब्द सांगा.

निपाणीकर

आमच्याकडे सरळ 'अडकायलंय' म्हणतात. गेम अडकायला लागला, व्हिडिओ अडकायला लागला. पण ताई, तुमची हकिकत वाचून वाटलं की आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतोय. अडकलेलं कुणीतरी सोडवेपर्यंत हलत नाही. पदर काट्याला अडकतो, ट्रॅक्टर चिखलात अडकतो. अडखळणारा मात्र चालतच असतो. ठेच लागते, तोल सावरतो, पुढे जातो. तुमचं मशीन हँग होऊन बटण दाबून बंद करावं लागलं असतं तर 'अडकलं'. हे अडखळतंय.

शेजारचे कन्नड बोलणारे काका अशा वेळी 'निंत निंत होंटैती' म्हणतात. थांबत थांबत चाललंय. मला हे फार आवडतं. थांबणं आणि चालणं दोन्ही एकाच वाक्यात आलं, दुकानदाराला गोंधळायला जागाच नाही.

सदाशिवनगर

'तोतरेपणा'बद्दल मी बोललं पाहिजे, कारण मी लहानपणापासून तोतरा बोलतो. शाळेत पोरं बोबडा म्हणायची, तेव्हाही मला वाटायचं की निदान शब्द तरी बरोबर वापरा. बोबडं म्हणजे अक्षरच वेगळं उमटतं, 'र'चा 'ल' होतो. चाचरणं भीतीनं किंवा खोटं बोलताना होतं, कुणाचंही होतं. तोतरं बोलताना शब्द डोक्यात अख्खा तयार असतो. उच्चार माहीत असतो, पुढचं वाक्यही माहीत असतं. फक्त तोंडातून बाहेर पडायची वाट क्षणभर बंद होते.

म्हणून यंत्रानं दिलेला शब्द अर्थानं चुकलाय असं मला वाटत नाही. तुमचा अभंग डिस्कवर अख्खा आहे, स्पीकरही शाबूत आहे, मधली वाट बंद होतेय. अगदी माझ्यासारखंच. तरीही तो शब्द घेऊ नका. मराठीत 'तोतरा' माणसाला चिकटतो, आणि चिकटला की निघत नाही. अडखळणं कुणालाही होतं आणि संपतं.

वडगावचा तबलजी

वरच्या दादांना नमस्कार. असं कुणी लिहीत नाही.

मला 'विलंब'वर बोलायचंय. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासून फार लांब राहत नाही, त्यामुळे 'विलंब' म्हटलं की मला आधी विलंबित एकताल आठवतो. विलंबितात दोन मात्रांमधलं अंतर मोठं असतं, पण सारखं असतं. त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. ताईंच्या मशीनला लय संथ झाल्याची तक्रार नाहीच. ठेका चालू आहे आणि मध्येच एक मात्रा गायब होतेय. आम्ही त्याला ठेका सुटला म्हणतो.

माझा मुलगा गेम खेळतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात 60 चा आकडा दिसतो, तरी म्हणतो अडखळतंय. मी म्हणायचो, आकडा तर बरोबर आहे की. मग त्यानंच समजावलं. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे एकेकाला साधारण 16.7 मिलिसेकंद. एखादं चित्र चुकून 70 मिलिसेकंद रेंगाळलं तरी सेकंदाची सरासरी फारशी हलत नाही, डोळ्याला मात्र खड्डा लागतो. सरासरीवरून तबलजी ठरवला तर मीही मोठा कलावंत ठरेन.

उद्यमबाग

मी दिवसभर सीएनसी मशीनवर असतो आणि रात्री लोकांचे पीसी दुरुस्त करतो, म्हणून आतलं काय ते सांगतो. शब्द तुम्ही शोधा.

कीबोर्ड, वायफाय कार्ड, साउंड, डिस्क, ह्यांतल्या कुणाला काही पाहिजे असलं की ते प्रोसेसरला इंटरप्ट पाठवतं. पुस्तकात त्याला 'व्यत्यय' म्हणतात. मला पटत नाही. व्यत्यय म्हणजे लाइट गेली, टीव्ही बंद पडला. इंटरप्ट ही साधी हाक आहे. शेजारणीनं अंगणातून हाक मारली तर तो व्यत्यय होतो का?

तर हाक आली. प्रोसेसर हातातलं टाकून 'ओ' देतो. ही 'ओ' देण्याची कामगिरी ड्रायव्हरमधल्या, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या, एका छोट्या तुकड्याकडे असते. त्यानं फक्त 'ओ' म्हणायचं आणि "कळलं, येतोच" म्हणून मोकळं व्हायचं. खरं काम मागाहून करायचं, त्याला डीपीसी म्हणतात, डिफर्ड प्रोसिजर कॉल. मायक्रोसॉफ्टनं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगून ठेवलंय की 'ओ' 25 मायक्रोसेकंदांत उरका आणि मागचं काम 100 मायक्रोसेकंदांत.

गोम इथं आहे बगा. हे मागचं काम चालू असताना त्या कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या त्या भागावर, साधा प्रोग्राम चालूच शकत नाही. तुमचा भजनाचा सॉफ्टवेअर असो नाहीतर माउसचा बाण, दारात उभा. एखादा ड्रायव्हर 100 च्या जागी 3,000 मायक्रोसेकंद बसला की झालं. रॅम 32 करा नाहीतर 64, दारातला माणूस दारातच.

खानापूरची

काका, हाक आणि ओ! आजोबांना हे एका दमात कळलं. मग लेटन्सी म्हणजे हाक मारल्यापासून 'ओ' येईपर्यंतचा वेळ?

उद्यमबाग

बरोबर. आमच्या आईच्या भाषेत, "चार हाका मारल्या तरी ओ देत नाही."

बेळगुंदीचे गुरुजी

हाकेला ओ देणे हा वाक्प्रचार मी तीस वर्षं पोरांकडून वाक्यात उपयोग करून घेतला, तो इथं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

आता 'विलंब'कडे वळू. मराठीत उशिरासाठी चार-पाच शब्द आहेत आणि त्यांची कामं वाटून दिलेली आहेत. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर जो उभा राहिलाय त्याला ती वाटणी समजावून सांगायला नको. गाडीला होतो तो विलंब. तो घड्याळावर मोजता येतो, फलाटावर जाहीर करता येतो. गेटच्या अलीकडे दुधाची गाडी, शाळेची रिक्षा आणि आपण उभे असतो, तो आपला खोळंबा. त्यांचा काही दोष नसतो, दुसऱ्याच्या पायी त्यांचं काम थांबलेलं असतं. आणि गाडी केव्हाच निघून गेली तरी गेटवाल्यानं फाटक वर घेतलं नाही, तर ती त्याची दिरंगाई. मूळ फारसी 'दिरंग'. मराठीत आल्यावर मात्र या शब्दाला दोषाचा वास लागला. सरकारी कचेरीला कुणी 'विलंब' म्हणतं का? ताटकळणं त्याच्याही पुढचं, त्यात पाय दुखतात.

म्हणजे मुली, तुझं वाक्य असं होईल: ड्रायव्हरच्या दिरंगाईमुळे आवाजाचा खोळंबा होतो आणि ऐकणाऱ्याला अभंग अडखळल्यासारखा वाटतो. तिघांना तीन शब्द. मोजायचा तो विलंब, तो मायक्रोसेकंदांत.

निपाणीकर

गुरुजी, दिरंगाईत मनाचा आळस येतो. ड्रायव्हर म्हणजे कोड, त्याला कसला आळस?

बेळगुंदीचे गुरुजी

कोड कुणीतरी लिहिला ना?

सदाशिवनगर

मग 'ड्रायव्हर'चं काय करायचं? 'चालक' इथं अजिबात चालत नाही. इकडे कर्नाटकाच्या बसमध्ये कन्नडमध्येही 'चालक' असतो आणि पलीकडे महाराष्ट्रात एसटीतही 'चालक'. कंडक्टरला मात्र इकडे 'निर्वाहक' आणि तिकडे 'वाहक'. 'चालक अद्ययावत करा' वाचलं की मला डेपोतला प्रशिक्षणवर्ग दिसतो.

मी 'माहूत' सुचवतो. एका हत्तीचा एक माहूत. त्याला त्याच हत्तीची खूण कळते, दुसऱ्या हत्तीवर बसवला तर दोघांचंही कठीण. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर साउंड कार्डाला चालत नाही, तसंच हे. वापरणार कुणी नाही हे मलाही माहीत आहे. ड्रायव्हर ड्रायव्हरच राहू दे.

उद्यमबाग

माहूत भारी आहे. उद्या गिऱ्हाइकाला सांगतो, तुमचा हत्ती बरा आहे, माहूत बदलू.

ताई, एक नीट विचारतो. आवाज कसा येतो? तुम्ही एकदा 'तट्' लिहिलं, मग 'तटतट'. खरखर आहे का? गुणगुण? दुकानदार विचारत नाहीत, पण मराठीत ह्या एकेका आवाजामागे वेगळा बिघाड असतो. सतत बारीक गुणगुण असेल तर अर्थिंग बघायचं, ती बहुतेक 50 हर्ट्‌झची विजेची असते. वायर हलवली की खरखर होते, ती पिन सैल. घरघर फॅनची, ती स्पीकरमधून येतच नाही, डब्यातून येते. आणि फोडणीत मोहरी पडल्यासारखी सुटी सुटी तडतड असेल, वायर हलवून काही फरक पडत नसेल, तर ड्रायव्हर.

खानापूरची

मोहरी! शंभर टक्के मोहरी. आधी एकदोन दाणे, मग एकदम चारपाच.

उद्यमबाग

मग लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम घ्या. दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, अभंग वाजू दे. ड्रायव्हर्सच्या पानावर सगळ्यात जास्त वेळ खाणारा वर आणा आणि नाव सांगा.

तोवर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर किती आहे बघा. सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने आणि 128 नमुन्यांचा बफर असला तर तुमच्याकडे जेमतेम 2.7 मिलिसेकंदांची शिल्लक असते. ड्रायव्हर 3 मिलिसेकंद बसला की शिल्लक संपली, तडतड. 512 केलंत तर 10.7 मिलिसेकंद मिळतात.

वडगावचा तबलजी

बफरला शब्द शोधायची गरज नाही. आम्ही नळाला पाणी येण्याची वाट बघणारे लोक. बफर म्हणजे परसातला हौद. हौद मोठा असला तर नळ दोन दिवस उशिरा आला तरी कळत नाही, लहान असला की तिसऱ्या दिवशी भांडणं.

पण हौद मोठा करण्यात एक ग्यानबाची मेख आहे. हेडफोन लावून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज त्या मानाने उशिरा ऐकू येतो. मग तो स्वतःचीच वाट बघत गातो आणि गाणं मागे ओढलं जातं. रेकॉर्ड करताना लहान हौद, नंतर ऐकताना, जुळवताना मोठा. भजनी मंडळ हेडफोन लावत नसेल तर मोठाच ठेवा.

खानापूरची

आजोबा हेडफोनला 'घोड्याची झापडं' म्हणतात, त्यामुळे तो प्रश्न नाही.

लेटन्सीमॉन पंधरा मिनिटं चालवला. सगळ्यात वर एनडीआयएस डॉट सिस. शोधलं तर ते विंडोजचंच नेटवर्कचं आहे. मग दोष विंडोजचा का?

उद्यमबाग

घाई करू नका. ते नेटवर्कचं सामाईक अंगण आहे. वायफाय कार्डाचा ड्रायव्हर त्याच अंगणातून काम करतो, त्यामुळे बोट अंगणाकडे जातं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय डिसेबल करा. काढून टाकू नका, नुसतं डिसेबल. मग पुन्हा अभंग लावा. एका वेळी एकच गोष्ट बंद करायची, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. आमच्या कारखान्यात नवीन पोरगं एकदम तीन स्क्रू फिरवतं आणि मग दिवसभर शोधत बसतं.

खानापूरची

थांबली! वायफाय डिसेबल केल्यापासून अर्धा तास एक दाणा उडाला नाही. माउसही सरळ चालतोय. पुन्हा एनेबल केलं, चार मिनिटांत मोहरी.

विंडोजनं आपोआप बसवलेला ड्रायव्हर काढून मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरचा घातला. आता वायफाय चालू असूनही शांत. लेटन्सीमॉनमधला सगळ्यात मोठा आकडा तीन हजारांच्या पुढे होता, तो तीनशेच्या आत आला. काका, कुंदा घेऊन उद्यमबागेत येते. जादाची रॅम परत घेतात का, तेवढं विचारायचं राहिलंय.

आणि ज्यांना पाठवायचं होतं त्यांना लिहिलेलं पत्र आता नको झालं, तरी गुरुजींसाठी इथं टाकते:

"मशीन मंद नाही. चालता चालता अडखळतं. वायफायचा ड्रायव्हर हाकेला ओ देऊन वेळेत मोकळा होत नाही, त्याच्या दिरंगाईमुळे आवाजाचा खोळंबा होतो आणि स्पीकरमधून तडतड ऐकू येते. खरखर नाही, गुणगुण नाही."

बेळगुंदीचे गुरुजी

दहापैकी दहा. 'मशीन'चा अर्धा गुण कापणार होतो, पण आता मीही तेच म्हणतो.

निपाणीकर

'मंद' कशाला? 'स्लो' लिहिलं असतं तर दुकानदाराला कळलं असतं.

खानापूरची

दादा, 'स्लो'नं एकदा रॅम घ्यायला लावली की.

काल रात्री आजोबांना हरिपाठाचं नवीन रेकॉर्डिंग ऐकवलं. सगळं स्वच्छ. तिसऱ्या अभंगात मात्र एका जागी पुन्हा अडखळलं. माझ्या पोटात गोळा आला. तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा नेमकं त्याच जागी. आजोबा हसायला लागले. म्हणाले, तो तुझा ड्रायव्हर नव्हे, पखवाजवाल्या अण्णांना त्या वेळी ठसका लागला होता.

वडगावचा तबलजी

समेवर आले का पुन्हा?