गल्लीतल्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून चित्र काढायचंय (ठाणे पूर्व) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चेंदणी कोळीवाड्याला लागून आमची सोसायटी आहे. समोर पालिकेची लांबलचक भिंत, पिचकाऱ्यांनी रंगलेली. प्रभाग समितीत अर्ज दिलाय, लेखी परवानगी आल्याशिवाय ब्रश लावायचा नाही असं ठरलंय. काम दिवाळीनंतरच.

अडलंय ते चित्रावर. बैठकीत कुणी म्हणालं फ्लेमिंगो काढा, कुणी म्हणालं १८५३ची पहिली रेल्वे (ठाण्यात भिंत मोकळी दिसली की ही गाडी येतेच!). एका मुलाने होडी आणि पापलेटं काढून आणली. कोळीवाड्यातल्या एका आजींनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "खारीन पापलेट कवा गावला रं? निवट्या काढ, चिंबोऱ्या काढ." मग खाडीच्या चिखलात निवटी (छोटा मासा) कशी उडी मारते ते हातानेच करून दाखवलं. मला तर भिंतीवर तेच हवंय. पण आजी बैठकीला येत नाहीत, आणि येतात ते बोलणारे चौघे ठरलेले. मतदान घ्यावं तर मतं सोसायट्यांची जास्त, कोळीवाडा आपोआप हरणार. कुणी घरोघरी जाऊन आठवणी, जुने फोटो गोळा करून चित्र ठरवलंय का? शेवटचा शब्द कुणाचा ठेवलात?

रंगवायची पद्धत अशी ठरतेय: चित्रकाराने रेषा मारायच्या, प्रत्येक भागात आकडा, डब्यावर तोच आकडा. मुलांना खालचा भाग, शिडीवर फक्त मोठी माणसं. पण एका मैत्रिणीच्या सोसायटीत मुलं घरी गेल्यावर चित्रकाराने सगळं स्वतः पुन्हा रंगवलं म्हणे. मग मुलांना बोलावलं कशाला? हे आधीच कसं बोलून घ्यायचं?

भिंतीचं दुखणं वेगळंच. खालच्या दीड फुटाला लोणा लागलाय, हात लावला की पोपडे निघतात. पेंटर म्हणतो पुट्टी मारून देतो. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढतेय तोवर पुट्टी काय टिकणार? खरवडून, क्षार झाडून, नीट वाळू देऊन प्रायमर मारायचा, की खालचा पट्टा चित्रातून वगळून नुसता गेरू फासायचा? दरवर्षी पुन्हा फासता तरी येईल.

आणि हो, एक स्थानिक पुढारी रंगाचा सगळा खर्च द्यायला तयार आहेत, फक्त कोपऱ्यात नाव आणि फोटो हवाय. त्यांना न दुखावता नाही कसं म्हणायचं, तेही सांगा.